कुत्र्यांचे मणके, एक चिमटा आणि मी

पाठराखीण:

मागच्या महिन्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, "आमच्या डॅशचे (डॅशहाउंड, लांब धड-आखूड पायांची जात) मागचे पाय एका रात्रीत लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, पायाला संवेदना आहे, थांबून बघू. थांबायचं का?" मी वाचेपर्यंत हळदीचा लेप, एरंडेल, नारायण तेल आणि "आमचाही असाच आपोआप बरा झाला" असे ढीगभर प्रतिसाद येऊन गेले होते. उत्तर लिहायला बसले ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, 2003 ची बॅच. कॉलेज 1886 चं, आणि आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय त्याच्याही थोडं आधीचं. गाडीखाली आलेली, मागचं धड फरपटणारी रस्त्यावरची कुत्री तिथे जितकी पाहिली तितकी नंतर कुठेच नाही. पाठीच्या कण्याचं वेड तिथलंच. पण आपल्याकडे पदवीनंतर सर्जरी घ्या किंवा मेडिसिन घ्या, फक्त मज्जासंस्थेची अशी वेगळी वाट नव्हती. म्हणून अमेरिका. तिथे आपली पदवी सरळ चालत नाही. ईसीएफव्हीजी नावाची परीक्षांची माळ ओवावी लागते, आणि तिच्या शेवटच्या प्रात्यक्षिकात तुम्हाला जन्मभर कुत्रीच बघायची असली तरी घोडा, गाय, भूल, एक्सरे, शवविच्छेदन सगळं करून दाखवावं लागतं. मग एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं रेसिडेन्सी (म्हणजे तज्ज्ञ व्हायचं प्रशिक्षण), आणि तज्ज्ञ म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाची परीक्षा. (मधल्या काळात "डॉक्टर" वाचून आलेली आणि "म्हणजे माणसांच्या नाहीत का?" म्हणून परत गेलेली स्थळं, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

आता मूळ मुद्दा, म्हणजे माझी चूक.

पास झाल्यावर मी उपनगरातल्या एका दवाखान्यात होते. एका संध्याकाळी एक आजोबा बाजाराच्या पिशवीत घालून डॅशहाउंड घेऊन आले. नाव सोन्या. सकाळी सोफ्यावरून उतरताना कळवळला आणि दुपारपर्यंत मागचे पाय गेले. मी आर्टरी फोरसेप नावाच्या चिमट्यानं मागच्या पायाचं बोट चिमटलं. पाय झटकन मागे गेला. "संवेदना आहे आजोबा, काळजी करू नका," असं म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. पुढे दहाबारा दिवस आजोबा रोज यायचे, मी रोज बोट चिमटायचे, पाय मागे गेला की आम्ही दोघंही खूश. सोन्या पुन्हा चालला नाही.

काही वर्षांनी रेसिडेन्सीच्या पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी मला तस्संच बोट चिमटताना पाहिलं. म्हणाले, "तू बघते आहेस कुठे?" म्हटलं, पायाकडे. "पाय राहू दे. चेहरा बघ."

पाय मागे घेणं ही मज्जारज्जूच्या खालच्या टोकाची परस्पर करामत आहे. बोटाकडून निघालेला निरोप कमरेपर्यंत जातो आणि तिथूनच उलट फिरतो, मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. वर पाठीत मणक्यांमधली गादी फुटून मज्जारज्जू पार चेचला गेला असला तरी पाय मागे येतोच. दुखलं असं कधी म्हणायचं? कुत्र्यानं वळून पाहिलं, कुंई केलं, माझा हात धरायला तोंड आणलं, निदान डोळे मोठे केले तर. आणि तेही बोट हाडापर्यंत दाबल्यावर, नुसती कातडी धरून नव्हे.

हा फरक एवढा मोठा का? दोन्ही पाय गेलेत पण हे खोल दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय, अशा कुत्र्याचं ऑपरेशन झालं तर दहातले नऊ पुन्हा चालतात. पोचत नसेल तर ऑपरेशन करूनही साधारण निम्मेच. दोन्ही कुत्री दिसायला मात्र हुबेहूब सारखी. सोन्या कुठल्या गटातला होता हे मला आता कधीच कळणार नाही.

विचारा काय विचारायचं ते. इथून औषधं सांगणार नाही, बाकी सगळं सांगेन.

गोधडी:

आधी आयडीला दाद! पाठ राखणारी पाठराखीण 😄
हे डॅशलाच का होतं? आमचा गावचा मोत्या माळ्यावरून उड्या मारायचा, सोळा वर्षं जगला, पाठ ठणठणीत.

पाठराखीण:

धन्यवाद, आयडी आईनं सुचवला.
दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेर चिवट कडं आणि आत ओलसर गर. मोत्याच्या पाठीत तो गर म्हातारपणापर्यंत ओला राहिला असणार. डॅश, पेकिंगीज, बीगल, फ्रेंच बुलडॉग यांच्यात तो पहिल्या वर्षातच सुकायला लागतो, पुढे त्यात कॅल्शियम धरतं. मग साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात कधीतरी कडं फाटतं आणि गर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. ऑपरेशनमध्ये मी जे काढते ते पानाच्या डब्यातल्या वाळत आलेल्या चुन्यासारखं असतं. सोफ्याची उडी निमित्तमात्र, सोन्याची गादी वर्षानुवर्षं आधीच बिघडलेली होती. म्हणून "मीच त्याला उडी मारू दिली" असं म्हणत रडणाऱ्या मालकांना मी आधी हे सांगते.

हॅन्सन नावाच्या स्वीडिश संशोधकानं 1952 मध्ये याचे दोन प्रकार मांडले. हा फुटणारा पहिला. दुसऱ्यात कडंच हळूहळू फुगून मज्जारज्जूला दाबतं, तो मोठ्या जातींच्या उतारवयातला. सत्तर वर्षं झाली तरी आम्ही अजून "हॅन्सन वन, हॅन्सन टू" असंच बोलतो.

आणि दोष आखूड पायांच्या हौसेचा. एफजीएफ4 या जनुकाच्या जास्तीच्या नकला या जातींत आहेत. 18 व्या गुणसूत्रावरची नक्कल 2009 मध्ये सापडली, ती पाय आखूड करते. 12 व्यावरची 2017 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या गटाला सापडली. ती पायही थोडे आखूड करते आणि गादीही अकाली म्हातारी करते. डॅशमध्ये ही दुसरी जवळपास सगळ्यांतच असते, त्यामुळे ती नसलेल्यांचीच पैदास करू म्हटलं तर पैदाशीला कुत्री उरणार नाहीत. चारपाच डॅशांत एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. स्कँडिनेव्हियात पैदाशीच्या आधी पाठीचे एक्सरे काढून कॅल्शियम धरलेल्या गाद्या मोजतात आणि जास्त असतील त्याला बाद करतात. आपल्याकडे पिल्लू घेताना कुणी आईबापाचा पाठीचा एक्सरे मागितलेला मी तरी ऐकला नाही.

बाभूळवन:

मी शेतकरी माणूस, कुत्र्यांचं फार कळत नाही. पण गाईच्या पाठीवर माशी बसली की तिथली कातडी ती थरथरवते. तसं कुत्र्यात असतं का? त्यावरून काही समजतं का?

पाठराखीण:

बाभूळवन, तुम्ही बोर्डाच्या परीक्षेतला प्रश्न विचारलात!
असतं. आणि आम्ही नेमकी तीच थरथर वापरतो. कंबरेपासून सुरुवात करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी पुढेपुढे कातडीला हलके चिमटे काढत यायचं. बिघाडाच्या मागच्या भागात काहीच होत नाही आणि मग एका मणक्याशी अचानक पाठ थरथरते. त्या रेषेच्या एक ते चार मणके पुढे, म्हणजे डोक्याच्या बाजूला, घोटाळा असतो. खर्च शून्य, आणि वीस सेकंदांत शोध दोनचार मणक्यांवर येतो.

हाडवैद्य:

मी माणसांचा ऑर्थोपेडिक सर्जन. चिमट्यांचं कौतुक आहे, पण सरळ एमआरआय काढून मोकळं का होत नाही? आमच्याकडे हल्ली पेशंट खुर्चीत बसायच्या आधी फिल्म टेबलावर ठेवतो.

पाठराखीण:

डॉक्टर, तुमचा पेशंट "हलू नका" म्हटलं की हलत नाही. माझ्याला पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय कुठला भाग काढायचा? कुत्र्याचे मानेचे 7, छातीचे 13, कमरेचे 7 मणके. आधी बोटं आणि हातोडी वापरून मज्जारज्जूचे चार भाग पाडायचे: मानेचा, पुढच्या पायांना नसा देणारा, मधला, आणि मागच्या पायांना नसा देणारा. पुढचे पाय चांगले आणि मागच्यांच्या गुडघ्याचा झटका शाबूत असेल तर बिघाड मधल्या भागात. झटका गेला असेल तर कमरेच्या टोकाला. पंजा उलटा करून ठेवायचा आणि तो सरळ करायला कुत्रा किती वेळ लावतो ते बघायचं. हे न करता काढलेल्या एमआरआयमध्ये दोनतीन गाद्या फुगलेल्या दिसतातच, आणि त्यातली दुखरी कोणती हे फिल्म सांगत नाही. कॉर्नेल विद्यापीठातले प्राण्यांच्या मज्जासंस्थेचे प्राध्यापक डी लाहुंटा (2021 मध्ये गेले) आयुष्यभर हेच शिकवत राहिले: आधी जागा, मग रोग. त्यांनी जमवलेले रुग्णांचे व्हिडिओ विद्यापीठानं फुकट ठेवलेत. मी अजून अधूनमधून बघते.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. छातीच्या दुसऱ्यापासून दहाव्या मणक्यापर्यंत गादी क्वचितच फुटते, कारण डाव्याउजव्या बरगड्यांची डोकी जोडणारं एक आडवं बंधन तिथे गादीच्या पाठीवरून जातं. ते संपलं की गाद्या उघड्या पडतात. म्हणून माझ्या बहुतेक शस्त्रक्रिया छातीच्या अकराव्या आणि कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या मधल्या वीतभर जागेत झाल्या. वीस वर्षांची कारकीर्द, एक वीत 🙂

हाडवैद्य:

हे बंधन माहीत नव्हतं! माणसात नाही. ऑपरेशन कसं करता? आम्ही मागून जातो.

पाठराखीण:

मान असेल तर गळ्याच्या बाजूनं, मणक्याच्या अंगात खाच पाडून. पाठ असेल तर एका बाजूनं. स्नायू बाजूला करायचे आणि ड्रिलनं मणक्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी पाडायची, वरून सतत सलाईनची धार. खोली रंगावरून कळते: आधी पांढरं कठीण हाड, मग लाल भुसभुशीत, मग पुन्हा पांढरं. दुसरं पांढरं आलं की श्वास रोखायचा, त्याच्यापुढे अंड्याच्या टरफलाएवढी जाडी आणि पलीकडे मज्जारज्जू. तळाशी एक शीर असते, ती फुटली की पुढची दहा मिनिटं काही दिसत नाही. चुना काढल्यावर दबलेला मज्जारज्जू हळूहळू आपल्या जागी येताना दिसतो, आणि तेवढ्यासाठी मी रात्री दोनला उठून गेलेली आहे.

रोखठोक:

माफ करा, पण कुत्र्याच्या पाठीवर लाखाच्या घरात खर्च? आमच्या शेजारच्या काकांचं गादीचं ऑपरेशन पैशांमुळे दोन वर्षं लांबलं.

मृदगंध:

@रोखठोक, आले का! प्रत्येक धाग्यावर तेच.

पाठराखीण:

मृदगंध, असू द्या, प्रश्न खरा आहे. मला तो दर आठवड्याला विचारतात, फक्त अमेरिकन लोक तो कुजबुजत विचारतात. एमआरआय आणि ऑपरेशन मिळून इथे हजारो डॉलर होतात आणि विमा सगळ्यांचा नसतो. पैसे नाहीत म्हणून ऑपरेशन न करणाऱ्याकडे मी कधी डोळे वटारले नाहीत. नुसती पाठ दुखत असेल किंवा पाय अडखळत असतील पण चालता येत असेल, तर पिंजऱ्यात कडक विश्रांतीवर बरेच सावरतात. कडक म्हणजे किमान चार आठवडे, फक्त शू-शीपुरतं बाहेर, तेही पट्ट्यानं धरून. बहुतेक घरांत तीन दिवसांत कुत्रा बरा वाटायला लागतो, आजीला दया येते, पिंजऱ्याचं दार उघडतं, आणि मग माझा फोन वाजतो.

खोल दुखणं गेलेल्या दर दहातल्या एखाद्या कुत्र्याचा मज्जारज्जू पुढच्या काही दिवसांत डोक्याच्या दिशेनं विरघळत जातो. लुळेपणा पुढच्या पायांकडे आणि शेवटी श्वासाकडे सरकतो. त्यावर माझ्याकडे काहीही उपाय नाही. त्या घरी मी ऑपरेशनचं बोलत नाही, कायमचं झोपवायचं बोलते.

रोखठोक:

ठीक. आधीच्या सुराबद्दल सॉरी.

वाडेकरीण:

आमची शेरा, जर्मन शेफर्ड, अकरा वर्षांची. सहा महिने मागचे पाय घसटतात, नखं झिजलीत, पण दुखत नाही म्हणते. (म्हणजे ती काही म्हणत नाही.) गादीच का?

पाठराखीण:

दुखणं नाही, हळूहळू वाढतंय, आणि जात शेफर्ड, म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपथी (मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा आजार) आठवते. एसओडी1 जनुकातला दोष 2009 मध्ये सापडला. माणसांच्या एएलएसचा (स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार) जवळचा भाऊ. त्यावर औषध नाही, पण व्यायामानं बरेच महिने बरे जाऊ शकतात. मात्र शेफर्डला खुब्याचा आणि कमरेच्या टोकाचा त्रासही असतो, म्हणून न तपासता शिक्का मारू देऊ नका.
उलट उदाहरणही सांगते. खेळताना एकदा किंचाळला, मिनिटांत एक बाजू लुळी, आणि तासाभरानं दुखतच नाही: मोठ्या कुत्र्यात असं झालं तर बऱ्याचदा गादीचा कण रक्तवाहिनीत अडकलेला असतो. त्याला ऑपरेशन लागत नाही, बरेच जण आठवड्यांत चालायला लागतात. पाय गेले की गादी, असं नसतं.
आणि आपल्याकडे डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) विसरू नका. लस न दिलेलं कुत्रं, पाय गेलेत आणि स्नायू सारखे उडतायत, तर आधी ते.

पेठकर:

आमच्या चिंगीचे मागचे पाय गेलेत, तिला 2019 पासून गाडी आहे. बोहरी आळीतून पीव्हीसी पाइप आणि एल्बो, बाबागाडीची जुनी चाकं, आईच्या नऊवारीची झोळी. पहिली गाडी एवढी जड झाली की चिंगी जागची हललीच नाही. दुसरीत चाकं मागे लावली, तर पुढे तोंडावर पडली. तिसरी जमली. आता सदाशिव पेठेत रिक्षावाले हॉर्न न वाजवता थांबतात, हा चमत्कार विज्ञानानं स्पष्ट करावा.
प्रश्न: स्टेम सेलच्या जाहिराती येतात. खरं किती?

पाठराखीण:

पेठकर, तिसऱ्या गाडीचा फोटो टाकाच.
पेशींच्या उपचारांत सगळ्यात प्रामाणिक काम मला केंब्रिजचं वाटतं, 2012 चं. अपघातानं किंवा गादीनं पाय गेलेली आणि वर्षभरात न सुधारलेली 34 पाळीव कुत्री. 23 जणांच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातल्या पेशी वाढवून सोडल्या, 11 जणांना नुसतं द्रावण, आणि कुणाला काय दिलं हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. पेशी मिळालेल्यांचे मागचे पाय ट्रेडमिलवर पुढच्यांशी ताल धरू लागले. जॅस्पर नावाच्या डॅशचा व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला. पण लघवीवरचा ताबा आला नाही, आणि मेंदूपर्यंतचा लांबचा निरोपही परत सुरू झाला नाही. म्हणजे पुन्हा माझा चिमटा. पाय हलले, चेहरा नाही. जाहिरातवाल्याला एवढंच विचारा: तुलना कुणाशी केलीत?

निशिगंध_नाशिक:

ताई, कृपया लगेच बघा. लाडू, बीगल, पाच वर्षांचा. सकाळपासून पाठ कमान, जिना चढत नाही, मागून दारू प्यायल्यासारखा चालतोय. घरात आयब्युप्रोफेन आहे, अर्धी देऊ का?

पाठराखीण:

देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ते घातक आहे. नंतर डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर दोन्ही मिळून आतडं फाटू शकतं. आधी काही दिलं असेल तर डॉक्टरांना सांगा.
आता: उचलताना छाती आणि ढुंगण दोन्हीखाली हात, पाठ आडवी. गाडीत पोळपाटासारखं काहीतरी सपाट, इस्त्रीची फळी चालेल. शेवटची शू कधी केली ते आठवून ठेवा. आजच दाखवा, उद्या नाही. डॉक्टरांनी बोट चिमटलं की तुम्ही लाडूच्या तोंडाकडे बघा.

निशिगंध_नाशिक:

रात्री आठपर्यंत दोन्ही पाय गेले. डॉक्टरांनी बोट दाबलं, लाडू गर्रकन वळला आणि त्यांच्या ग्लव्हजला दात लावले. डॉक्टर ओरडले आणि मी रडत रडत हसले. त्यांनीच मुंबईला फोन केला. पहाटे निघतोय.

पेठकर:

शाब्बास लाडू. चाव अजून.

पाठराखीण:

छान. आणि कुणी "48 तास उलटले, आता उपयोग नाही" म्हणालं तर ऐकू नका. ती रेषा पूर्वी आम्हीच शिकवायचो, आता तेवढा पुरावा राहिलेला नाही. लवकर चांगलंच, पण उशिरा म्हणजे कधीच नाही असं नाही.

निशिगंध_नाशिक:

चार दिवसांनी येतेय. ऑपरेशन झालं, छातीचा बारावा-तेरावा. अजून उभा राहत नाही. काल मला बघून शेपूट हलवली, की मला भास झाला माहीत नाही. आज घरी सोडतायत. शू स्वतः करत नाही, तिथे नर्सनं दाबून काढायला शिकवलं पण माझा हात थरथरतो. दिवसातून किती वेळा? आणि किती जोरात?

पाठराखीण:

नाव घेतल्यावर पुन्हा हलवली तर भास नाही, पाठीला हात लावून हलली तर मोजू नका.
तीन ते चार वेळा, रात्री झोपताना एकदा नक्की. बिघाड पाठीत आहे म्हणून मूत्राशयाचं तोंड घट्ट असतं, पहिल्यांदा वाटेल की निघतच नाही. उभं धरा, दोन्ही तळवे पोटाच्या बाजूंनी मांड्यांच्या पुढे, आत लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा फुगा लागेल. बोटांनी टोचायचं नाही, तळव्यांनी एकसारखा दाब, शेपटीच्या दिशेनं, आणि तो तसाच धरून ठेवायचा. अजिबातच निघत नसेल तर जोर वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. तोंड सैल करायच्या गोळ्या असतात.

निशिगंध_नाशिक:

निघाली! केव्हा थांबायचं?

पाठराखीण:

धार तुटेपर्यंत. मग मिनिटभर थांबून अजून एकदा.